तिघांचं एकच उत्तर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणी म्हणायला नको की ही बाई जरा अतीच करते. मी अती करतेच. भाजीवाल्याचा काटा, किराणावाल्याची डाळ, रेशनचं रॉकेल, सगळं मी डोळ्यांनी बघून, हाताने उचलून घेते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणींना सांगायच्या, "आमची निर्मला देवळात गेली तरी आधी घंटा वाजवून बघती, पितळंची हाय का दुसऱ्या कशाची." त्यात खोटं काही नव्हतं.

ज्यांचा ताप महिनोन्‌महिने जात नाही आणि ज्यांच्या दारात गाय-म्हैस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरांच्या चुका काढायला मी बसलेले नाही. पण त्या सांगितल्याशिवाय मला राहवणारही नाही. आणि आमच्या घराची चूक त्यांच्याहून मोठी होती, तीही सांगणार आहे.

ताप

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही मखमलाबादच्या पुढे मळ्यात राहायचो, आजही तिथेच आहोत. दीड एकर गुलाब, बाकी वांगी-टोमॅटो, गोठ्यात दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. गुलाब मुंबईच्या बाजारात जायचा. आठवड्यातून तीनदा आमचे हे टेम्पो घेऊन जायचे. गंगापूर रोडच्या कॉलनीत आमचा दुधाचा रतीब होता. एरवी दूध हेच घालायचे, पण मुंबईचा दिवस असला की लुनाला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून मी जायची. त्यामुळे कोणत्या घरात किती दूध लागतं आणि कोणती बाई लिटर पुन्हा मोजून घेते, हे मला पाठ होतं.

दसऱ्यानंतर ताप सुरू झाला. सकाळी मी ठणठणीत असायची. गुलाब तोडायला जायची, धारा काढायची. दिवस कलला की अंगात कापरं भरायचं. मग घाम असा यायचा की सकाळी पोलकं पिळावं लागायचं. कंबर इतकी दुखायला लागली की धार काढायला उकिडवं बसता येईना.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. टायफॉईड निघाला. इंजेक्शनं झाली, ताप गेला, आठ दिवसांनी परत आला. परत रक्त, परत टायफॉईड. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "टायफॉईड मुरलाय तुमच्यात." माणसात टायफॉईड लोणच्यासारखा मुरतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. रक्त तपासणारी लॅब त्यांच्या मेव्हण्याची होती, हे मी शोधून काढलं. मग कुणाला न सांगता एस.टी.ने पंचवटीत गेले आणि दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिथेही टायफॉईडच आला. तरी माझी खात्री पटेना. मला वाटलं, हे दोघे एकमेकांना फोन करत असतील.

आता हसू येतं. तेव्हा मात्र मी खरंच त्या लॅबच्या टेबलावर फोन कुठे ठेवलाय ते बघून आले होते.

मला बाहेर बसवलं

पौष लागता लागता आम्ही शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, कागदावर पाच-सहा तपासण्या लिहिल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन गेलो तर मला म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा जरा," आणि यांना आत ठेवून घेतलं.

आजार कुणाचा? माझा. रक्त कुणाचं? माझं. आणि बाहेर मी!

दहा मिनिटांनी हे बाहेर आले ते खाली बघत.

"काय म्हणले?"

"काय नाय. रक्ताची अजून एक तपासणी हाय."

"कसली?"

"अगं हाय एक. त्यांना काय सांगायला येळ असतो का?"

त्या दिवशी माझंच नाही, यांचंही रक्त घेतलं. बायकोच्या तापासाठी नवऱ्याचं रक्त कशाला लागतं? त्या वर्षांत एस.टी. स्टँडच्या भिंतीपासून सरकारी दवाखान्यापर्यंत सगळीकडे एड्सची चित्रं रंगवलेली असायची. त्यात बहुतेक वेळा एक ट्रक असायचा आणि एक ड्रायव्हर. आमच्या घरी टेम्पो होता. आणि तो आठवड्यातून तीनदा मुंबईला जात होता.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते अगदी खरं आहे. मी यांच्या शर्टाचे खिसे तपासले. टेम्पोचा कप्पा उघडून पाहिला. त्यात हनुमानाचा फोटो, टायरची पावती आणि विडीचं बंडल सापडलं. विड्या सोडल्याची शपथ यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. म्हटलं, जो माणूस विडी लपवतो तो आणखी काय काय लपवत असेल!

त्यानंतर आत्याबाईंनी माझं ताट आणि तांब्या वेगळा ठेवायला सुरुवात केली. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुला ताप हाय, पोरीला लागंल म्हून." पण आधीचे तीन महिनेही तापच होता की. मला कळलं, यांनी आईला काहीतरी सांगितलंय. या घरात मला सोडून सगळ्यांना माझा आजार माहीत आहे, असं वाटून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

रिपोर्ट काय आला, मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एवढी संशयी बाई, पण ते एक विचारायची माझी छाती झाली नाही.

दवाखाना

संक्रांतीच्या आसपास मला उठून उभं राहता येईना. गंगापूर रोडला एका बाई डॉक्टरांचा दवाखाना होता, वीस खाटांचा. त्यांच्या घरी आमचंच दूध जायचं, रोज दोन लिटर. त्या ओळखीवर यांनी मला तिथे आणून टाकलं. मॅडम मला पाहून म्हणाल्या, "अरे, तुम्ही तर लुनावर येता ना?" मला बरं वाटलं. लगेच दुसरा विचार आला, आता ही बाई आपल्याला नीट तपासेल की ओळखीची म्हणून वरवर बघेल?

दवाखान्यातला दिवस लांबच लांब असतो. सकाळी काखेत थर्मामीटर, मग पातळ चहा, मग फरशी पुसायला फिनेलची बादली. दहाला मॅडमचा राऊंड. दुपारी जेवणाचे डबे. चारला भेटायला येणारी माणसं आणि पाचला माझा ताप. तो कधी उशिरा आला नाही.

तिथे मंगलाबाई नावाची आया होती. फुलेनगरची. कुणाचं बेडपॅन उचलताना तिच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली नाही. घामाने माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. तिने तिसऱ्या दिवशी आपला कंगवा आणला, तेल आणलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन तासभर एकेक गाठ सोडवत बसली.

मी तिला हळूच म्हटलं, "बाई, माझ्या जवळ बसू नका इतकं. मला काय झालंय ते कुणी सांगत नाही."

ती म्हणाली, "ताई, तुमच्या जुन्या फायलीतला तो रिपोर्ट सिस्टरनी वाचला तवा मी तिथंच व्हते. तुम्हाला तसलं काही नाय. तुमच्या मालकाला बी नाय. कुणीच सांगितलं नाय व्हय तुम्हाला?"

असं कुणाच्या रिपोर्टबद्दल बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण दोन-दोन डॉक्टर, नवरा, सासू कुणी जे सांगितलं नाही, ते त्या बाईने केस विंचरता विंचरता सांगितलं. मी तिच्या मांडीवर तशीच डोकं ठेवून रडले. तिने विंचरणं थांबवलं नाही.

म्हणजे एड्स नव्हता. मग हे माझ्याकडे बघत का नव्हते? रोज चारला यायचे, डबा ठेवायचे, खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचे. त्यांच्या मनात काहीतरी होतं, एवढं मला पक्कं दिसत होतं.

प्रश्न

दुसऱ्या दिवशी मॅडम राऊंड संपवून परत आल्या, एकट्याच. स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या. असं स्टूल ओढून बसलेला डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. खूप काही विचारलं. माहेर कुठलं? कळवण. घरी कुणाला क्षयरोग झाला होता? नाही. कच्चं दूध पिता? नाही, उकळूनच पितो.

मग म्हणाल्या, "गेल्या पाच-सहा महिन्यांत तुमच्या गोठ्यात कुठल्या जनावराचा गाभ पडला होता का?"

पडला होता. भाद्रपदात आमची जर्सी सातव्या महिन्यात गाभडली. सकाळची वेळ होती, हे मुंबईला गेलेले. मेलेलं वासरू बाहेर पडलं, त्याच्या अंगावर केसही नीट आलेले नव्हते. वासरामागून पडणारी वार काही पडेना. अर्धवट लोंबत होती. आत राहिली तर गाय हातची जाईल म्हणून मी पाटल्या वर सरकवल्या आणि कोपरापर्यंत हात घालून वार ओढून काढली. आत्याबाईंनी शेपूट धरलं होतं. त्याच सकाळी मी चार वाफे गुलाब तोडले होते. गुलाबवाल्यांच्या घरातल्या बायांचे हात कसे असतात ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. काट्यांनी कायम ओरबाडलेले. त्या रक्ताळलेल्या हातांनीच मी ते सगळं केलं आणि मग साबणाने हात धुऊन भाकरी थापल्या.

दुपारी हे आले आणि त्यांनी बांधाच्या मागे खड्डा करून वासरू पुरलं. कुणालाही बोलायचं नाही, असं आमचं ठरलंही नव्हतं. ठरवायची गरजच नसते. गाभडलेल्या गायीचं कुणी बोलत नाही. बोललं की गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या दुधात काहीतरी आहे. उद्या विकायला काढली तर बाजारात कुणी दावं हातात घेत नाही. शिवाय गावात शंभर तोंडं, कुणाची दृष्ट लागली नि कुणी काय केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गाय थोडं दूध द्यायला लागली, तेव्हा ते आम्ही म्हशींच्या दुधात मिसळून कॉलनीत घातलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

आणि आता ही बाई, जिच्या घरी ते दूध जातं, मला विचारत होती की गाभ पडला होता का. हिला कुणी सांगितलं? शेजारच्या मळ्यातल्या सरूने? तापाचा आणि गायीच्या गाभाचा काय संबंध? ही डॉक्टर म्हणून विचारते आहे की गिऱ्हाईक म्हणून? आज हिने दूध बंद केलं तर उद्या अख्खी कॉलनी बंद करेल. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं त्याला एक क्षणही लागला नसेल.

"नाही, मॅडम," मी म्हटलं.

"नक्की?"

"आमच्याकडे असलं कधी झालं नाही."

त्यांनी लिहून घेतलं आणि स्टूल परत जागेवर ठेवलं.

कण्याचा टीबी

चार दिवसांनी कमरेचा नवीन एक्स-रे आला. मॅडमनी तो खिडकीसमोर धरून बोटाने दाखवला. मला काळं-पांढरं सोडून काही दिसलं नाही. "मणक्यात खराबी आहे. टीबी असावा असं वाटतंय."

मी त्यातला "असावा" धरून बसले. असावा म्हणजे काय? आहे की नाही? पण अंगात बोलायचं त्राण नव्हतं. फळीवर सपाट झोपायचं, उठायचं नाही, निदान तीन महिने. घरी आत्याबाईंनी माझ्या मुलीला, नऊ वर्षांच्या वर्षाला, शाळा बुडवून कळवणला माझ्या आईकडे पाठवून दिलं. मॅडम म्हणाल्या होत्या की या टीबीने दुसऱ्याला काही होत नाही. पण आत्याबाईंपुढे डॉक्टरचं काय चालणार? जाताना वर्षाला दवाखान्याच्या दारापर्यंतच आणलं. तिने बाहेरूनच हात हलवला.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी लघवी शेंदरी झाली. माझी मूत्रपिंडं गेली असं समजून मी दुपारपर्यंत रामराम म्हणत पडले होते. मग सिस्टर म्हणाल्या, त्या गोळीने तसं होतंच. आधी सांगायला काय जात होतं यांचं?

दहा-बारा दिवस ताप उतरला. मॅडम खूश झाल्या. मग पाचचा ताप परत यायला लागला आणि मॅडमचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या, मुंबईला नेऊन मणक्याचा तुकडा काढून तपासावा लागेल. ऑपरेशन. पाठीतून. त्यात पायाची ताकद जाऊ शकते का, असं मी विचारलं. "सहसा नाही," त्या म्हणाल्या. त्या "सहसा"ने माझी झोप उडवली. पुढच्या सोमवारी जायचं ठरलं.

मला पाय हवे होते. गुलाब, लुना, गोठा, पोरगी, माझं सगळं आयुष्य दोन पायांवर उभं होतं.

चार वाजता

शनिवारी हे आणि आत्याबाई बरोबरच आले. हे पेरू चिरत होते, खाली मान घालून. माझं डोकं फिरलं.

"खरं सांगा, तुम्ही काय लपवताय?"

"कुठं काय?"

"सोमवारी मला कापायला नेणार. त्याच्याआधी मला सगळं कळलं पाहिजे. मुंबईला काही भानगड आहे का तुमची?"

यांनी सुरी खाली ठेवली. "भानगड? अगं काय बोलती तू? त्या डॉक्टरनी तसली तपासणी केली व्हती, ती दोघांची बी चांगली आली. तू घाबरशील म्हून सांगितलं नाय."

"ते मला माहीत आहे. दुसरं काय? महिना झाला, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही."

त्यांनी चिरलेला पेरू डब्यात भरला. मग एकदम म्हणाले, "त्या मॅडमनी मला गाईचं इचारलं व्हतं. गाभडली व्हती का म्हून."

"मग?"

"मी नाय म्हणलो. म्हणलं, रतीब जाईल. पण तवापासून जीव खातंय. बाईमाणूस उगाच कशाला असलं इचारंल?"

"मलाही विचारलं होतं," मी म्हटलं. "मीही नाही म्हटलं."

आम्ही दोघांनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या डब्याचं झाकण लावत होत्या. लागलेलं झाकण परत लावत होत्या.

"मला बी इचारलं तिनं," त्या म्हणाल्या. "बाहेर बाकावर. म्या म्हणलं, आमच्या गोठ्यात असलं काय बी होत नाय."

मंगलाबाई शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. तिने कमरेवर हात ठेवले. "मंग आता सांगा की मॅडमला. का आणखी कोणी राहिलंय नाय म्हणायचं?"

हे उठले आणि मॅडमना बोलावून आणलं. सांगितलं मात्र मी.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी तिघांना वेगवेगळं विचारलं होतं. मुद्दाम. एक जण लपवतो तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून निघतंच, हा माझा अनुभव. तुम्हा तिघांचं एकच उत्तर आलं. म्हणून मी ती शंका खोडली." मग त्यांनी विचारलं, "वार कोणी काढली?"

मी हात पुढे केले. महिनाभर गुलाबाला हात लावला नव्हता, तरी जुन्या ओरखड्यांचे वण होते. मॅडमनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि सिस्टरला रक्त घ्यायची बाटली आणायला सांगितलं.

नाव

रक्त बाहेरगावी पाठवावं लागलं. रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. सोमवारचं ऑपरेशन मॅडमनी पुढे ढकललं होतं, ते मग झालंच नाही. आजाराचं नाव ब्रुसेलोसिस. मॅडमनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. "पुढे कुणी विचारलं तर ताप ताप करू नका, नाव सांगा." गाभडलेल्या जनावराच्या वारेतून, कच्च्या दुधातून माणसाला होतो. टायफॉईडच्या तपासणीत हाही कधी कधी टायफॉईडसारखाच दिसतो, असं मॅडम म्हणाल्या. टीबीच्या गोळ्यांतली एक गोळी या आजारालाही थोडी चालते, म्हणून मधे दहा दिवस बरं वाटलं होतं. आता टीबीची औषधं बंद झाली. त्यातली तेवढी एक ठेवून दुसरी नवी दिली, रोज न चुकता, पुढे कितीतरी आठवडे.

मी मॅडमना विचारलंच. "मी नाही म्हटलं ते म्हटलं. पण तुम्ही रक्त का नाही तपासलं? माझ्या शब्दावर एवढा भरवसा कशाला ठेवला?"

"चूक माझीही आहे. यापुढे उत्तर काहीही येवो, घरात जनावर असेल तर तपासणी करीन."

चूक कबूल करणारा डॉक्टर मला संशय घ्यायला काही जागाच ठेवत नव्हता. मग मी दुसरं विचारलं, "आता दूध बंद करणार?"

"आमच्याकडे उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. पण बाकीच्या घरांना तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं." यांनी प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. निम्मी घरं सुटली. काही बायांनी दूध चालू ठेवलं, त्यांची नावं मी विसरणार नाही.

होळीला मी घरी आले. पाय शाबूत होते. वर्षा कळवणहून आली, तिचं आणि आत्याबाईंचं रक्त मी मागे लागून तपासून घेतलं, दोघी चांगल्या निघाल्या. आत्याबाईंनी माझं ताट परत सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

गाय

गुरांच्या डॉक्टरांनी गोठ्यातल्या सगळ्यांचं रक्त नेलं. म्हशी चांगल्या होत्या. गायीत तोच आजार होता. तिला वेगळी बांधा, दूध वापरू नका आणि विकू तर मुळीच नका, असं सांगून ते गेले.

वैशाखात एक नवरा-बायको गाय बघायला आले. पेठच्या बाजूचे होते. यांनी मला काही सांगितलं नव्हतं.

मी यांना गोठ्यामागे ओढलं. "विकू नका म्हणाले ना डॉक्टर?"

"मंग पोसायची कुणी तिला? रतीब निम्मा गेला, तुझ्या औषधात..." पुढचं त्यांनी गिळलं.

"पांजरपोळात नेऊन सोडा. नाहीतर त्यांना सांगून तरी द्या."

"सांगून कोण घेईल?"

मी सरळ त्या बाईकडे गेले. पंचविशीची असेल. हातभर बांगड्या, गायीच्या अंगावरून हात फिरवत होती. तिला जनावर कळत होतं. मी तिला नळाजवळ घेतलं आणि सगळं सांगितलं. गाभ, वार, ताप, फळीवरचे दिवस. ऐकता ऐकता तिचे डोळे बारीक होत गेले. ती नजर मला चांगली ओळखीची होती. मीच सगळ्यांकडे तशी बघत आले होते.

"ताई," ती म्हणाली, "द्यायची नसंल तर तसं सांगा. आजाराचं नाव कशाला घेता? दादा म्हणतात गाय निरोगी हाय."

"अगं, मला स्वतःला झालं. मरता मरता वाचले."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही तं चांगल्या धडधाकट दिसता."

मी घरातून फाईल आणली. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही नाही. मी मोठ्याने वाचून दाखवायला लागले, तसे हे मधे आले. "लय दिवस आजारी व्हती ती," ते त्या माणसाला म्हणाले. "ताप डोक्यात गेलाय तिच्या. तुम्ही मनावर घेऊ नका."

माझ्या हातात फाईल होती. तीन आठवडे एका खोट्या शब्दाने मी मरायला टेकले होते, आणि आता खरं बोलत होते तर माझाच नवरा मला वेडी ठरवत होता. मी फाईल मिटली.

गाय गेली. फाटकापर्यंत मी त्या बाईच्या मागे गेले. म्हटलं, "एवढं तरी ऐक. पुढे कधी गाभडली, तर वारेला हात लावू नको. लावलाच तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांध." ती "हो ताई, हो ताई" म्हणाली. आजारी माणसाची समजूत काढताना म्हणतात, तसं.

मी तिचं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. यांना विचारलं तर म्हणतात, माहीत नाही. ते खरं की खोटं, मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. आम्ही एका ताटात जेवतो, पण ते मी ठरवू शकलेले नाही.

तिला वाचता येत नाही. म्हणून पेठ-सुरगाण्याकडच्या कुणी हे वाचलं आणि तुमच्या ओळखीत एखादी बाई असेल, जिला संध्याकाळी ताप येतो, कंबर धरते आणि डॉक्टर टायफॉईड म्हणतात, तर तिला एवढंच विचारा की तिच्या दारात मखमलाबादहून आणलेली जर्सी गाय होती का. ती आधी नाही म्हणेल. तरी तिला घेऊन दवाखान्यात जा.